बूस्टर आमच्या घरात होता

पाटाच्या कडेला ते लोखंडी पाइप अजून उभे आहेत. बोअरमधून काढलेले जुने पाइप, खड्डे घेऊन रोवलेले. गंजून आता वाळल्या पाल्याच्या रंगाचे झालेत, उसात लांबून दिसतही नाहीत. त्यांच्यावरची काळी वायर कधीच गेली. आतल्या तांब्यासाठी कुणीतरी जाळली असणार. एका पाइपाच्या टोकाला मात्र हातभर तुकडा लोंबकळतो आणि वारं सुटलं की लोखंडावर आपटतो. टक. टक. टक. गेल्या आठवड्यात कोल्हापुरातून पत्रकांचा गठ्ठा घेऊन गावी गेले होते. पत्रकं राहिली बाजूला. त्या पाइपाखाली उभी राहून मी ती टकटक ऐकत राहिले.

शाळेवर नव्यानं बदलून आलेले एक गुरुजी सायकल हातात धरून चालले होते. थांबून म्हणाले, "ताई, हे खांब कसले हो? ना लाइटीचे, ना टेलिफोनचे."

"आम्हाला चुकवायला रोवलेत, गुरुजी."

ते हसले. त्यांना वाटलं, चेष्टा करते. आता गावात प्रत्येक छपरावर छत्री आहे. ज्याचं चित्र त्याच्या छपरावर आभाळातून सरळ उतरतं. कुणाचं चित्र कुणाच्या घरावरून जात नाही, त्यामुळं कुणाला काही आठवायचं कारणही उरलेलं नाही. मला आठवतं. गोड करून लिहिणार नाही, एवढं आधीच सांगते.

मी तिसरीत असताना पेठ वडगावच्या एका शेठनं आपल्या दुकानाच्या गच्चीवर भलीमोठी डिश बसवली. रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान त्यांचं. माझा बाप, आम्ही त्याला आबा म्हणायचो, तेव्हा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचा. आतली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची, हे काम. शेठनं त्याला हेरला. "मोटारी सोड. माझी वायर वढ." पुढची तीन वर्षं आबा वायर ओढत राहिला. वडगावातून निघालेली ती काळी वायर एकेक गाव धरत पार डोंगराच्या अंगाला असलेल्या शेवटच्या वाडीपर्यंत गेली, जिथं एस.टी. दिवसातून एकदा जायची आणि पावसाळ्यात तीही जायची नाही. कुठं लिंबाच्या फांदीवरून, कुठं शाळेच्या पन्हाळीवरून, कुठं भरल्या विहिरीवरून. विहीर आडवी आली की आबा सुतळीला दगड बांधायचा, गरगर फिरवून पलीकडं फेकायचा आणि मग सुतळीमागून वायर ओढून घ्यायचा. ते दगड फेकणं बघायला बायका रानातली भांगलण थांबवून उभ्या राहायच्या.

नव्या वायरीला वास असायचा. उन्हात तापलेल्या रबराचा, थोडा रॉकेलसारखा. आबा घरी आला की तो वास आधी यायचा आणि मागून आबा यायचा. वायरीचं टोक तो दातानं सोलायचा. वरची काळी साल, मग जाळी, मग पांढरा मऊ गाभा आणि आत सुईसारखं लालबुंद तांबं. पांढऱ्या गाभ्याचे मणी मी गोळा करायचे. त्यांची माळ मी एकदा आईच्या गळ्यात घातली होती. ती दिवसभर तशीच घालून पाला काढायला गेली.

चित्र म्हणायचे सगळे. टीव्ही नाही, केबल नाही, चित्र. "चित्र आलं का?" "चित्र गेलं गं." मुंबई-दिल्लीची चॅनेलं यायची, पण गावं जीव टाकायची ती शेठच्या स्वतःच्या चॅनेलवर. दुकानामागच्या खोलीत पडदा लावून एक बाई रोज संध्याकाळी बातम्या वाचायची. सोसायटीची निवडणूक, हरवलेली म्हैस, कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या तालमींचा फुटबॉल आणि त्यावरून झालेली हाणामारी. मग निधन वार्ता, रक्षाविसर्जन कधी ते. मग वाढदिवस. खाली अक्षरांची पट्टी सरकायची आणि वर फोटो: गॉगल, मोबाइल नसताना कानाला लावलेला टेलिफोन, मागं चिकटवलेला धबधबा. डोंगराकडच्या वाडीतला एक म्हातारा मेला आणि त्याचं नाव बाईनं वाचलं, तेव्हा ती वाडी रडायची विसरून टीव्हीकडं धावली होती म्हणे. आपल्या वाडीचं नाव सगळ्या मुलखानं ऐकलं! त्या चॅनेलवर नाव आलं की माणूस होऊन गेला हे पक्कं व्हायचं. नाही आलं तर नाही. हे नीट ध्यानात ठेवा.

आता बूस्टर.

वायर लांब गेली की चित्र दमतं. मुंग्या येतात. म्हणून मधेमधे एक डबा बसवावा लागतो, तो दमलेलं चित्र पुन्हा ताजं करून पुढं ढकलतो. त्याला लाइट लागते, म्हणून तो कुणाच्या तरी घरातच बसवायचा. आमच्या गावचा डबा बौद्धवाड्यात आमच्या घरी बसला. शेठना काही क्रांती करायची नव्हती. गावात शिरायच्या रस्त्यावर पहिला आमचा वाडा, वाड्यातलं पहिलं घर आमचं. अशा कामासाठीच आम्हाला वेशीबाहेर ठेवलं होतं जणू. वरच्या गल्लीनं कुरकूर केलीच.

"शेठ, गावाचं चित्र बौद्धवाड्यातनं येनार व्हय?"

"मग काय वायरीला पंख लावू?" शेठ म्हणाले. "तुमच्यात लावायचं तर आधी गाव उचलून फुडं सरकवा."

असा तो डबा आला. पत्र्याचा, राखाडी, एक हिरवा दिवा आणि रात्रंदिवस बारीक गुणगुण. थंडीत मी त्याच्यावर हात शेकायचे. तापलेल्या धुळीचा वास यायचा, भाजलेल्या शेंगांच्या जवळ जाणारा. वर मांजर झोपायचं, मागं पाली अंडी घालायच्या. एवढासा डबा, पण सगळ्या वरच्या गल्लीची करमणूक त्याच्या पोटातून जायची. शिवाय आमच्या पुढच्या चार गावांची. आई दिवसभर लोकाच्या रानात, पण घरी आली की आधी हिरवा दिवा बघायची आणि मग चूल.

आणि चित्र गेलं की वरच्या गल्लीतून माणूस यायचं. अंगणात पाय ठेवायचं नाही. गटाराच्या पलीकडून हाक: "ए बूस्टरवाले! चित्र गेलंय!" तीन वर्षं. एकाही बाईनं, एकाही बाप्यानं आईचं नाव घेतलं नाही. ए. अगं ए. बूस्टरवाले. आई पदराला हात पुसत उठायची, डबा झाडायची, वायर हलवायची आणि ओरडून विचारायची, "आलं का?" पलीकडून उत्तर यायचं नाही. उत्तर आलं नाही म्हणजे चित्र आलं.

एप्रिल. लिंबाला मोहर आलेला, कडू-गोड वास. विहाराला चुना मारलेला, चुन्याचा गार वास. इस्त्री केलेल्या पांढऱ्या साड्यांचा कडक आवाज, निळे झेंडे, हलगी तापवायला पेटवलेला पाला. जयंती. मिरवणूक वर्षातून एकदा वेशीतून आत जायची, वरच्या गल्लीच्या तोंडाशी वळायची, परत यायची. बास. तेवढ्यासाठी पंधरा दिवस लेझीम घुमायचं.

त्या वर्षी गल्लीच्या तोंडाशी ट्रॉली आडवी लावलेली. ट्रॅक्टर सोडून नेलेला. ट्रॉलीवर विलास बसलेला. विलास म्हणजे वरच्या गल्लीतला ट्रॅक्टरवाला, ज्याच्या विहिरीवरची मोटार आबानं दोनदा भरून दिली होती. हातात ट्रॅक्टर-ट्रॉली जोडायची लोखंडी पिन. ती तो एका हातातून दुसऱ्या हातात टाकत होता.

"मॅच चाललीया," विलास म्हणाला. "हलगीनं काय आयकू येत न्हाय. मॅच संपली की काढतो ट्रॉली."

आमच्यातला एक म्हातारा पुढं झाला. "इलासराव, मिरवनूक वर्सातनं एकदाच असती की."

"आनि फायनल काय रोज असती व्हय?"

वरची गल्ली हसली. दारादारांतून, मानासुद्धा न वळवता. आई सगळ्यांत पुढं होती, फोटोच्या चौकटीला झेंडूचा हार धरून. तिनं हार माझ्या हातात दिला आणि मागं वळली. पळाली नाही. भांगलायला जाताना चालते तशी चालत घरी आली. मी मागं. तिनं भिंतीवरचं बटण वर केलं. हिरवा दिवा गेला. तीन वर्षं कानात बसलेली गुणगुण थांबली, आणि घर एवढं गप्प झालं की मला भीती वाटली.

"संपली मॅच," आई म्हणाली.

तेवढ्यात गावातून आवाज आला. एकाच वेळी शंभर घरांतून. आऽऽ. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. पुढं मी मोर्च्यांत फिरले, लाठीमारात पळाले, पण एवढी माणसं एकाच क्षणी एवढी दुखावलेली मी परत ऐकली नाहीत.

मग ते आले.

कौलांचा आवाज आधी आला. कौल फुटताना भाकरी मोडल्यासारखा आवाज होतो, फक्त मोठा. मग मातीच्या घागरी. मग माणसं. कुऱ्हाडीचे दांडे, उसाची तोडणी संपल्यावर कोपऱ्यात टाकलेले कोयते, सायकलच्या चेन. निळे झेंडे काठ्यांसकट तुडवले. विहाराच्या ओल्या चुन्यावर हाताचे ठसे उमटले, लाल. लेझीम खेळणारा आमचा सदाकाका दारात आडवा झाला, त्याच्या हातावर लेझीमच घातली. पिठाचा डबा उपडा केला, त्यावर पाय दिले, सगळ्या घरभर पांढरी पावलं. मला उतरंडीमागं ढकललेली. तिथून मला फक्त पायच दिसत होते. पायांना चेहरे नसतात, पण विलासच्या पायताणांची करकर मला माहीत होती. मोटार भरून न्यायला यायचा तेव्हा ती करकर अंगणाबाहेर थांबायची. त्या दिवशी ती आत आली.

"चालू कर."

"ट्रॉली काढ," आई म्हणाली.

"चालू कर म्हनतो न्हवं?"

"ट्रॉली काढ की आधी."

पिन तिच्या डाव्या कानावर बसली. आवाज फार झाला नाही. ओल्या कापडाची घडी दगडावर टाकावी तेवढाच. आई भिंतीला टेकून खाली आली आणि खाली येताना तिचा हात बटणावर गेला. चालू करायला नव्हे. झाकायला. बोटांवर दुसरा घाव बसला, तरी तिनं हात काढला नाही. शेवटी दोघांनी तिला केसांना धरून बाजूला ओढली आणि बटण खाली दाबलं. गुणगुण सुरू झाली. तशी ती माणसं थांबली. खरंच थांबली. हातातला दांडा तसाच खाली आला, एकानं दारातून गल्लीकडं तोंड करून ओरडून विचारलं, "आलं का?" आणि ती सगळी घाईनं निघून गेली. मॅच राहिली होती.

आबा कुठं होता? सांगते. चित्र गेलं तेव्हा आबा पलीकडच्या गावात होता. त्याला वाटलं, वायरीत बिघाड. तो एम-एटी गाडीवरून एकेक जोड तपासत निघाला. लिंब, शाळा, विहीर, चिंच. प्रत्येक जोड सोडायचा, जिभेला लावून बघायचा, परत बांधायचा. वायरीचा माग काढत काढत तो घरी आला आणि बिघाड त्याला उंबऱ्यात पडलेला सापडला.

वडगावच्या दवाखान्यात आईच्या कानामागं टाके घातले. मी समोरच्या हॉटेलात चहा आणायला गेले. तिथं टीव्ही होता. ती बातम्यांची बाई लागली. माझ्या फ्रॉकवर आईचं रक्त वाळून कडक झालेलं. मी किटली हातात धरून उभी, आता सांगेल, आता सांगेल. बाईनं गोड तोंड करून वाचलं: "तांत्रिक कारणामुळे काही गावांमधील प्रक्षेपण थोडा वेळ बंद होते. प्रेक्षकांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

तांत्रिक कारण. माझी आई तांत्रिक कारण. तिचा फुटलेला कान, दोन मोडलेली बोटं, सदाकाकाचा हात, आमच्या वाड्याची अठरा घरं, सगळं तांत्रिक कारण. मी आज जे काही लिहिते, चिकटवते, वाटते, ते त्या दोन शब्दांना उत्तर म्हणून. पोलिसांनी तर तेवढेही शब्द खर्च केले नाहीत.

तिसऱ्या दिवशी शेठ केळ्यांचा घड घेऊन आले. आईनं बटण पुन्हा बंद केलेलं, कडेला विळा घेऊन बसलेली. वरच्या गल्लीसह पुढची चार गावं अंधारात. शेठ रडकुंडीला आलेले.

"बाई, काय पायजे ते बोल. कौलं घालून देतो."

"कौलं आमी घालू. तुमच्या त्या बाईला वाचायला सांगा. कुनी मारलं आनि कुनाला मारलं. नावं घेऊन. बास."

"वाचतो की. आधी चालू तर कर. चित्रच न्हाय तर लोकं बगनार कशात?"

आईनं आबाकडं बघितलं. आबा शेठकडं बघत होता. म्हणाला, "शेठ शब्दाचा मानूस हाय." आणि त्यानंच बटण दाबलं.

तीन संध्याकाळी आम्ही आमच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीपुढं बसलो. वाडाच बसायचा, डोक्याला पट्ट्या, हाताला झोळ्या. पहिल्या संध्याकाळी म्हैस सापडली. दुसऱ्या संध्याकाळी सोसायटी. तिसऱ्या संध्याकाळी बाई म्हणाली, "आता पाहूया आजचे वाढदिवस," आणि गॉगल घालून, मागं धबधबा घेऊन विलास आला. खाली पट्टी सरकली: आपल्या सर्वांचे लाडके.

आईनं टीव्ही फोडला नाही. मला वाटत होतं फोडावा. ती उठली, विळ्याच्या टोकानं डब्याचे स्क्रू काढले, डबा भिंतीतून सोडवला आणि गटाराच्या पलीकडं नेऊन ठेवला. जिथं ते हाका मारायला उभे राहायचे तिथं. "घेऊन जावा तुमचं चित्र," म्हणाली. डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, म्हणून केवढ्या मोठ्यानं बोलतोय ते तिला कळत नव्हतं. अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.

डबा त्यांनी वर नेला. तिथं बसवला. तिथवर येईतो चित्र दमलेलं, नुसत्या मुंग्या. मग गावानं ठरवलं, वायर बौद्धवाड्यावरून आणायचीच नाही. पाटाच्या कडेनं वळसा घालून आणायची, मधे रानात एकाच्या मोटारीच्या खोलीत डबा ठेवायचा. खांब पाहिजेत? बोअरचे पाइप आहेत. आणि वायर ओढायला माणूस पाहिजे. या मुलखात वायर ओढणारा माणूस एकच.

आबा गेला.

का गेला, ते मी तेव्हा विचारलं नाही, आज तो म्हातारा झालाय तरी विचारत नाही. गेला. रोज सकाळी खांद्यावर काळं वेटोळं, हातात सुतळी आणि दगड. विलासनं शिडी धरायची, आबानं चढायचं. मी बांधावरून बघायचे. आबाची पायताणं विलासच्या टकुऱ्यावर हातभर उंच, आणि खाली विलासनं नुसतं बोट सोडलं तर आबा मातीत. आई त्याच्याशी बोलत नव्हती. मी त्याची भाकरी बांधायचं सोडलं. घरात आता गुणगुण नव्हती, डब्याची नाही आणि माणसांचीही नाही. भिंतीवर राखाडी चौकोन राहिला होता, त्यात पालींची चार पांढरी अंडी.

श्रावण संपत आलेला. उसाला कांडी धरलेली, पाटाला तांबडं पाणी, वातावरणात ओल्या गवताचा उग्र वास. शेवटचा पाइप शाळेच्या पटांगणाच्या कडेला. दिवेलागणीला आबा घरी आला. वरच्या गल्लीतून टीव्हीचे आवाज येत होते. म्हणजे जोडलं.

आबा उंबऱ्यातच उभा. चार महिन्यांनी आईनं त्याच्याकडं तोंड केलं.

"झालं का तुमच्या शेठचं काम?"

"आयक," आबा म्हणाला. "शेवटचा जोड मी हातातच धरला. सगळी गल्ली चित्राची वाट बगत खाली उभी. मी वरनं म्हनलं, इलास, त्या दिवशी काय केलंस त्ये समद्यांफुडं बोल, मग जोडतो."

आई उठून त्याच्या उजव्या अंगाला आली, चांगला कान पुढं करून.

"मग?"

"बोलला. मारलं म्हनला. मीच मारलं, जोड आता, म्हनला. समद्यांफुडं."

आबाच्या तोंडावर हसू होतं. चार महिने त्यानं एवढ्यासाठी वायर ओढली होती. एवढ्या एका वाक्यासाठी त्याची पायताणं त्या डोक्यावर होती. तेव्हा मला कळलं.

आईनं विचारलं, "कुनाला मारलं म्हनला?"

आबानं हातातली पक्कड खाली ठेवली.

"माझं नाव घेतलं?"

"न्हाय. नाव... तसं न्हाय घेतलं."

"मग कुत्र्याला मारलं असंल," आई म्हणाली. "जावा. सोडून या त्यो जोड."

मग त्यानं पक्कड उचलली आणि आला तसा माघारी गेला. आईनं पदर खोचला, माझा हात धरला आणि आम्ही त्याच्या मागं.

आम्ही पटांगणावर पोचेतो आबा वर होता. शिडी अजून खांबालाच होती. त्यानं कमरेचा पट्टा खांबाला अडकवला आणि जोड सोडला. आऽऽ. पुन्हा तोच आवाज. पण या वेळी माणसं लांब दारात नव्हती. ती दारांतून बाहेर पडली. बाया हातात पळ्या घेऊन, म्हाताऱ्या काठ्या टेकत, जेवणाऱ्यांचे हात खरकटे. चित्र नव्हतं, मग घरात बसून करायचं काय? सगळं गाव त्या एका खांबाखाली आलं.

विलासनं शिडी ओढली आणि लांब फेकली. "ऱ्हा तिथंच लोंबकळत!" पहिला दगड पाइपावर वाजला. दुसरा आबाच्या पाठीवर. तिसरा कपाळावर. आबानं डोकं खांबाला टेकवलं, वायरीची दोन टोकं दोन मुठींत धरली, आणि हातांनी तोंड झाकलं नाही. रक्त खांबावरून खाली येत होतं, नव्यानं रोवलेल्या पाइपावर एक बारीक गडद रेघ.

आई त्या रेघेपाशी जाऊन उभी राहिली. खांबाला पाठ लावून. आता दगड मारायचा तर तिच्यावरून मारायला पाहिजे होता.

"माझं नाव तारा," ती म्हणाली. डाव्या कानामुळं आवाज मोठा, पार शाळेच्या भिंतीवर आदळून परत येणारा. "तुमच्या चित्राचा डबा माझ्या घरात हुता. तीन वर्सं मी त्यो झाडलाय. जयंतीच्या दिवशी ह्या इलासनं माझ्या घरात घुसून, हातातल्या पिनंनं माझ्या कानावर मारलं. ह्या कानावर. ही दोन बोटं मोडली. सदाचा हात मोडला. पिठावर पाय दिलं. तुमी समदी हुता. तू हुतास. तू हुतास. तुझा ल्योक हुता, आक्का. तांत्रिक कारन न्हवतं त्ये. मी हुतो."

मी हुतो. आमच्याकडच्या बाया असंच म्हणतात.

कुणी हललं नाही. विलासच्या हातात दगड होता, तो तसाच राहिला. कुणी माफी मागितली नाही, कुणी रडलं नाही. खोटं कशाला लिहू? पण ऐकलं. एवढी वर्षं मी चौकाचौकात पत्रकं वाटते. लोक घेतात, चार पावलं जाऊन चुरगाळतात. तसं गप्प उभं राहून, तोंड उघडं टाकून, म्हाताऱ्यांपासून अंगावरच्या पोरांपर्यंत सगळ्या गावानं काही ऐकलेलं मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलं नाही. दुसरं बघायलाच काही नव्हतं.

आईनं मान वर केली.

"झालं माझं. जोडा आता."

आबानं दोन्ही टोकं एकमेकांत फिरवली. घराघरातून एकदम गाणी, जाहिराती, कुणाचं तरी हसणं बाहेर पडलं. गर्दी जागची हलली. आधी कडेची माणसं, मग बाया, मग सगळीच. पाय उचलून घाईनं आपापल्या दारांकडं. पटांगणात चपलांचा फटफट आवाज आणि मग तोही गेला. सगळ्यांत शेवटी विलास गेला. हातातला दगड त्यानं उसात फेकला.

त्या वायरीतून आमच्या वाड्याला चित्र येणार नव्हतं, हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं.

शिडी ओल्या गवतात पडली होती, आबा वर लोंबकळत होता. एका बाजूनं आईनं उचलली, दुसऱ्या बाजूनं मी. खांबाला लावली. आबानं पट्टा सोडला आणि शिडीच्या पहिल्या पायरीसाठी पाय खाली चाचपला. सापडेना. मी त्याचा पाय हातात धरला आणि पायरीवर ठेवला.